खापर कसं वाचावं: जागेपासून वयापर्यंत

उत्खननाच्या खड्ड्यातून सर्वांत जास्त काय निघत असेल, तर खापरं. लाकूड कुजतं, कापड विरतं, लोखंड गंजतं, तांबं वितळवून लोक पुन्हा वापरतात. नीट भाजलेली माती मात्र परत चिखल होत नाही, आणि फुटलेल्या मडक्याचा कुणाला मोहही पडत नाही. ते फुटलं त्याच्या आसपासच पडून राहतं. शिवाय भांडी रोजच्या वापरातली, त्यामुळे सतत फुटणार आणि सतत नवी घडणार. घडवण्याची तऱ्हा काही पिढ्यांत बदलणार. म्हणूनच लिखाण नसलेल्या काळाचा कालक्रम जगभर मोठ्या प्रमाणात खापरांवर उभा राहिला आहे.

खापर हातात आलं की पहिला प्रश्न येतो: किती जुनं? तो प्रश्न शेवटी विचारायचा. आधी ते कुठे पडलं होतं, मग कसं घडलं, कसं भाजलं, कशासाठी वापरलं, कसं फुटलं, आणि त्यानंतर वय. हा क्रम उलटा केला की आधी मनात ठरवलेल्या वयाला पुरावे चिकटवले जातात. पुढचं सगळं याच क्रमाने.

१. आधी जागा नोंदवा

शेतात, नदीकाठी, बांधकामाच्या खड्ड्यात खापर दिसलं तर उचलू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, मोबाईलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदवा, आजूबाजूला आणखी किती तुकडे दिसतात ते पाहा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. बहुतेक देशांत परवानगीशिवाय उकरणं कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, उचललेल्या खापराचा अर्धा अर्थ जमिनीतच राहतो. कपाटात ठेवलेल्या सुंदर रंगीत तुकड्यापेक्षा नेमक्या थरातून निघालेला ओबडधोबड तुकडा मला केव्हाही मोलाचा वाटतो.

पृष्ठभागावरच्या खापरांचीही एक भाषा असते. जमिनीवर चौकोन आखून प्रत्येक चौकोनातली खापरं मोजली, तर वस्ती किती पसरली होती याचा अंदाज येतो. एक सावधगिरी मात्र हवी. शेतभर विरळ पसरलेली, झिजलेली, नखाएवढी खापरं म्हणजे तिथे घरं होतीच असं नाही. घरचा केरकचरा शेणखतात मिसळून शेतात टाकला जाई, त्यातूनही ती तिथे गेलेली असतात. घरं होती तिथे तुकडे दाट सापडतात, मोठे असतात आणि त्यांच्यासोबत राख, हाडं, दगडी अवजारं, भिंतीचे अवशेष मिळतात.

उत्खननात प्रत्येक थराची पिशवी वेगळी. पिशवीत चिठ्ठी: स्थळ, खड्डा, थर, खोली, तारीख. थरात नंतर खणलेला खड्डा किंवा उंदरा-घुशीचं बीळ असेल तर त्यातली खापरं वेगळ्या पिशवीत जायला हवीत, कारण वरच्या काळातला तुकडा बिळातून सहज खाली उतरतो.

जागेचं महत्त्व किती, हे चीनमधल्या शियानरेनदोंग गुहेने दाखवून दिलं. तिथली खापरं सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे शेती सुरू होण्याच्या हजारो वर्षं आधीची असल्याचं २०१२ साली प्रसिद्ध झालं. हे वय ज्या थरांत खापरं पडली होती, त्या थरांमधल्या सेंद्रिय अवशेषांच्या कार्बन मापनातून (अवशेषात किरणोत्सारी कार्बन किती उरला आहे, यावरून वय काढण्याच्या पद्धतीतून) आलं. थर विस्कटलेले नाहीत हे संशोधकांनी मातीचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघून तपासलं होतं. त्या तपासणीवाचून निव्वळ तारखांवर कुणाचा विश्वास बसला नसता.

२. धुण्याआधी ठरवा, काय धुवायचं नाही

बहुतेक खापरं साध्या पाण्यात मऊ ब्रशने धुतात आणि सावलीत जाळीवर वाळवतात. पण तीन प्रकार आधीच बाजूला काढा. आतून जळका थर चिकटलेली, रंग सुटणारी, आणि कमी भाजल्यामुळे पाण्यात विरघळू लागणारी.

अन्नाचे अंश तपासायचे असतील, तर ते तुकडे उघड्या हातांनी हाताळू नयेत. त्वचेचं तेल भांड्याच्या छिद्रांत शिरतं. प्लास्टिकच्या पिशवीतली रसायनंही नमुन्यात उतरतात, म्हणून असे तुकडे ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळतात. भोवतालची चिमूटभर मातीही सोबत ठेवावी. खापरातली चरबी मडक्यातल्या अन्नाची की मातीतून आलेली, हे त्या मातीशी ताडूनच कळतं.

वाळलेल्या तुकड्यांवर आतल्या बाजूला, बारीक अक्षरात, स्थळ-खड्डा-थराचा क्रमांक घालायचा. फुटलेल्या कडेवर कधीही लिहू नका. ती कड पुढे दुसऱ्या तुकड्याशी जुळवायची असते.

३. वर्गवारी आणि मोजणी

खापरं टेबलावर पसरली की भांड्याच्या अवयवांप्रमाणे वाटणी करा: काठ, मान, खांदा, पोट, बूड, कान, तोटी. काठ, बूड, कान, तोटी आणि नक्षीचे तुकडे भांड्याचा आकार सांगतात. पोटाचे साधे तुकडे संख्येने सर्वांत जास्त असतात आणि पूर्वी अनेक ठिकाणी ते मोजून, किंवा न मोजताच, फेकून दिले जात. तो मोठा तोटा होता. अन्न शिजवण्याच्या खुणा आणि मातीचा पोत यांची माहिती बऱ्याचदा याच साध्या तुकड्यांत असते.

आता मोजणी. इथे थोडं थांबायला हवं, कारण चुकीच्या मोजणीवर बांधलेले निष्कर्ष पुढे दुरुस्त करणं अवघड जातं. समजा, एक रांजण फुटून शंभर तुकडे झाले आणि एक वाटी फुटून दहा. घरात रांजण आणि वाट्या सारख्याच संख्येने असल्या, तरी तुकडे मोजल्यावर रांजण दहापट वाटतील. वजन केलं तर जाड भांडी आणखी वरचढ ठरतील. म्हणून संख्या आणि वजन दोन्ही नोंदवायचं, आणि तिसरं माप काठावरून काढायचं.

त्याची रीत अशी. काठाचा तुकडा उलटा करून सपाट टेबलावर टेकवा आणि हळूहळू कलता करत न्या. काठ आणि टेबल यांच्यातून प्रकाश दिसेनासा झाला की तो मूळ भांड्यात ज्या कोनात होता त्याच कोनात आला. मग एकात एक वर्तुळं आणि टक्क्यांच्या रेषा काढलेला कागद घ्या. ज्या वर्तुळाशी काठाची वक्रता तंतोतंत जुळेल, तो भांड्याच्या तोंडाचा व्यास. त्या वर्तुळाचा किती टक्के भाग तुकड्याने व्यापला, तेही वाचा. एकाच प्रकारच्या काठांचे २०, ३५, १५ आणि ३० टक्के मिळाले, तर बेरीज १०० टक्के, म्हणजे एका पूर्ण भांड्याइतका काठ हाती आला. या पद्धतीत मोठं भांडं जास्त तुकड्यांत फुटल्याचा फायदा त्याला मिळत नाही. तुकडा पाच टक्क्यांहून कमी असेल तर व्यासावर फार विसंबू नका. हाताने घडवलेल्या भांड्याचं तोंड पुरतं गोल नसतंच, तिथे व्यास अंदाजेच लिहावा.

प्रत्येक महत्त्वाच्या काठाचं चित्र काढायला हवं. मधोमध उभी रेषा, तिच्या एका बाजूला भांड्याचा छेद आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचा देखावा. फोटोत रंग आणि पोत येतो, पण भिंतीची जाडी आणि काठाचा वळसा छेदातच दिसतो. दूरच्या दोन स्थळांची भांडी अभ्यासक ताडून पाहतात ती या छेदांवरून.

४. घडण: ताज्या भंगाकडे पाहा

पक्कडीने कोपऱ्याचा छोटा टवका काढून ताजा भंग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. (परवानगी असेल तरच, आणि नक्षी नसलेल्या तुकड्यावर.) मातीत काय मिसळलंय? वाळूचे दाणे, अभ्रकाची चमक, शिंपल्यांचा चुरा, जुन्या खापरांचाच कुटलेला चुरा, की भुसा आणि शेण जळून गेल्यावर उरलेल्या पोकळ्या? नुसती चिकण माती वाळताना तडकते. भर घातली की आकसणं कमी होतं आणि चुलीवर वारंवार तापण्या-निवण्याचा ताणही भांडं सोसतं. त्यामुळे शिजवायच्या भांड्यांत भर जास्त आणि भरड, तर पिण्याच्या वाट्यांत माती बारीक गाळलेली, असा फरक एकाच घरातल्या भांड्यांत दिसू शकतो. भुशाच्या पोकळ्यांत सिलिकॉन ओतून साचा काढला तर ते तूस कोणत्या धान्याचं होतं तेही ओळखता येतं.

चाकाची खूण आतल्या बाजूला शोधा. बोटांच्या समांतर, वर चढत जाणाऱ्या रेघा आणि सारखी जाडी ही चाकाची लक्षणं. बुडाखाली शिंपल्यावर असतात तशा कमानी दिसल्या तर फिरत्या चाकावरून भांडं दोऱ्याने कापून काढलेलं आहे. मातीच्या वळ्या एकावर एक रचून केलेलं भांडं अनेकदा वळ्यांच्या सांध्यावरच आडवं फुटतं. आत गोलसर खळगे आणि बाहेर सपाट पैलू असतील, तर आतून गोटा धरून बाहेरून थापीने ठोकून भिंत पातळ केलेली असते. मात्र काठावर चाकाच्या रेघा दिसल्या म्हणून अख्खं भांडं चाकावर झालं असं लिहू नका. वळ्यांनी रचून शेवटी फक्त तोंड चाकावर फिरवून नीट करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती.

५. आच: रंगाची कारणं

मातीतलं लोह भट्टीत भरपूर हवा मिळाली तर तांबडं होतं. हवा कोंडली तर करडं किंवा काळं. त्यामुळे रंग हा मातीचा गुण आहे तितकाच आचेचाही आहे. बाहेर-आत तांबडं आणि मध्ये काळा पट्टा दिसला, तर मातीतला सेंद्रिय अंश पुरता जळण्याआधीच आच संपली. काळ्या-तांबड्या भांड्यांत वरचा काठ आणि आतली बाजू काळी, बाकी बाहेरचं अंग तांबडं असतं. भांडं उलटं ठेवून भाजलं की तोंडाकडच्या भागाला हवा मिळत नाही, त्यामुळे हा दुरंगीपणा येतो, असं त्याचं सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. दोनदा भाजूनही तोच परिणाम साधता येतो.

आचेचा अंदाज घ्यायला एक साधी कसोटी आहे. खापराचे छोटे टवके करून प्रयोगशाळेच्या भट्टीत वाढत्या तापमानांना पुन्हा भाजायचे. ज्या तापमानापासून रंग आणि कठीणपणा बदलू लागतो, तिथवर मूळ भांडं पोहोचलं नव्हतं असं म्हणता येतं. चुनखडीचे दाणेही उपयोगी पडतात. साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसच्या दरम्यान चुनखडीचा चुना होतो, तो नंतर दमट हवेतलं पाणी शोषून फुगतो आणि भांड्याच्या पृष्ठभागावर खड्डे उडवतो. दाणे शाबूत असतील तर आच त्याखाली राहिली असावी. कानाचाही उपयोग करा: अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या ज्या गावावरून जोर्वे भांड्यांना नाव मिळालं, तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं. तांबड्या अंगावर काळी भौमितिक नक्षी असलेली ती पातळ भांडी टिचकी मारल्यावर धातूसारखी खणखणतात, इतकी ती पक्की भाजलेली आहेत.

६. वापर: काजळी, झीज आणि चरबी

काजळी कुठे आहे ते बघा. भांडं निखाऱ्यात बसवलं असेल तर बुडाची काजळी जळून तिथे अंग साफ राहतं आणि बाजूंवर काजळी धरते. ज्वाळेपासून उंच ठेवलं किंवा टांगलं असेल तर बुडावरच दाट काजळी बसते. आतल्या तळाशी गोल-गोल ओरखडे म्हणजे ढवळणं. काठाच्या बाहेरच्या कडेला एकसारखे टवके उडालेले असतील तर झाकण, पळी किंवा ओतण्याची सवय.

डोळ्यांना न दिसणारी खूण भिंतीच्या आत मुरलेली असते. झिलई नसलेलं मडकं तेल-तूप-चरबी शोषून घेतं आणि ती हजारो वर्षं छिद्रांत टिकते. खापराची पूड करून ती चरबी वेगळी काढतात आणि तिच्यातल्या दोन स्निग्धाम्लांमधल्या कार्बनच्या समस्थानिकांचं (वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंचं) प्रमाण पाहतात. दुधाची आणि मांसाची चरबी त्यावरून वेगळी ओळखता येते. पोलंडमध्ये नवाश्मयुगीन वस्त्यांवर भोकाभोकांची खापरं मिळत. ती चीज गाळण्यासाठी असावीत, असा अंदाज आकारावरून आधीच मांडलेला होता. २०१२ साली त्यांच्यात दुधाची चरबी सापडली आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी तिथे चीज बनत होतं हे पक्कं झालं. आधीच्या काळात निघालेली खापरं कोठारात जपून ठेवली होती म्हणूनच ही तपासणी करता आली.

७. फुटणं आणि फेकणं

जुना भंग मळकट आणि कडा मऊ झालेल्या. नवा भंग उजळ आणि धारदार. नवे भंग फार असतील तर कुदळ-फावडं सांभाळून चालवायला सांगा. जुन्या भंगांच्या कडा झिजलेल्या असतील तर तुकडा पाण्याने, नांगराने किंवा पायदळी इकडून तिकडे गेला आहे. म्हणजे ज्या थरात तो मिळाला, त्या थराचा तो मूळचा नसू शकतो.

मग जोड लावून पाहा. हे काम वेळखाऊ आहे, तरी टाळू नका. दोन वेगवेगळ्या खड्ड्यांतले तुकडे एकमेकांना जुळले, तर ते खड्डे एकाच सुमारास भरले असण्याची शक्यता फार वाढते. खालच्या आणि वरच्या थरातले तुकडे जुळले, तर त्या थरांची सरमिसळ झालीय. हे आधी कळलं तर पुढची पुष्कळ चुकीची वयं टळतात.

भंगाच्या दोन्ही बाजूंना जोडीने पाडलेली भोकं दिसली तर भांडं दोरीने किंवा तारेने बांधून दुरुस्त केलं होतं. ते कुणाला तरी जपण्याजोगं वाटत होतं. घासून गोल केलेल्या आणि मधे भोक पाडलेल्या चकत्या सूत कातायच्या चातीसाठी वापरल्या जात. फुटल्यानंतरही खापर कामाला येई. प्राचीन अथेन्समध्ये शहरातून दहा वर्षांसाठी कुणाला घालवून द्यायचं, याचं मतदान खापरावर नाव कोरून होई, आणि ती नावं कोरलेली खापरं आज संग्रहालयांत आहेत.

८. कुठून आलं

माती कुठली हे पाहायला खापराचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. त्यातले खनिजकण भोवतालच्या खडकांत मिळत नसतील तर भांडं बाहेरचं. बारीक गाळलेल्या मातीत असे कण नसतात, तिथे रासायनिक विश्लेषणाने अगदी अल्प प्रमाणातली मूलद्रव्यं मोजतात. पण तुलनेला काहीतरी हवं. सर्वांत खात्रीची तुलना भट्टीजवळ फेकून दिलेल्या, वाकड्या-तिकड्या वितळलेल्या बिघडलेल्या भांड्यांशी होते, कारण ती तिथेच बनली याबद्दल शंका राहत नाही.

रोममधली मोन्ते तेस्ताचो ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी जवळजवळ संपूर्ण खापरांची आहे. ऑलिव्हचं तेल आणणारे रांजण तेल मुरून खवट होत, पुन्हा वापरता येत नसत, म्हणून ते फोडून शिस्तीने रचले गेले. बहुतेक रांजण आजच्या दक्षिण स्पेनमधले. त्यांच्यावरच्या शिक्क्यांत आणि शाईच्या नोंदींत वजन, व्यापाऱ्यांची नावं, काही ठिकाणी वर्षंही आहेत.

९. आता वय

पहिली पायरी क्रमाची. प्रत्येक थरात कोणत्या प्रकारच्या भांड्यांचं किती टक्के प्रमाण आहे याचा तक्ता करा. एखादा प्रकार थोडा येतो, वाढतो, मग मावळतो; हे चढउतार जुळवत थर लावले की क्रम मिळतो. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी इजिप्तमधल्या राजघराण्यांपूर्वीच्या सुमारे ९०० कबरी अशाच लावल्या आणि १८९९ साली ती पद्धत मांडली. प्रत्येक कबरीतल्या भांड्यांचे प्रकार कागदाच्या पट्टीवर लिहून ते पट्ट्या मागे-पुढे सरकवत गेले. एका प्रकारच्या रांजणाचे नागमोडी कान सुरुवातीला पकडता येण्याजोगे होते. ते आक्रसत गेले आणि शेवटी नुसती नक्षीची रेघ उरली. यातून आधी-नंतर कळतं. वर्षं कळायला बाहेरचा आधार लागतो.

तो आधार कसा मिळतो आणि कुठे फसवतो, हे अरिकामेडूत दिसतं. पुद्दुचेरीजवळच्या या स्थळावर १९४५ साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केलं. दक्षिण भारतातल्या भांड्यांना तेव्हा पक्कं वय नव्हतं. तिथे इटलीतल्या अरेझोच्या परंपरेतल्या तांबड्या चकचकीत भांड्यांची खापरं निघाली, जी इसवी सनाच्या पहिल्या शतकातली म्हणून युरोपात नीट ठाऊक होती. त्यांच्या आधाराने सोबतच्या स्थानिक भांड्यांना, त्यांतही दातेरी चाकाने नक्षी उमटवलेल्या थाळ्यांना, वय मिळालं आणि दूरदूरच्या स्थळांचे कालक्रम त्यावर बसवले गेले. पुढे १९८९ ते १९९२ दरम्यान पुरातत्त्वज्ञ विमला बेगली यांच्या उत्खननाने आणि अभ्यासाने दाखवलं, की तिथली वस्ती आणि त्या थाळ्या रोमन मालाच्या आधीपासून, इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून होत्या. परदेशी भांडं थर बंद होण्याची एक बाजू सांगतं: हा थर त्या भांड्यापेक्षा जुना नाही. शेजारच्या स्थानिक भांड्याचा प्रकार कधी सुरू झाला, हे ते सांगत नाही.

थेट वयाच्या दोन पद्धती आहेत. भांड्यावरच्या जळक्या अन्नाचं कार्बन मापन होतं. पण अन्न मासळीचं असेल तर पाण्यातल्या जुन्या कार्बनमुळे वय शेकडो वर्षांनी जास्त येऊ शकतं. दुसरी तापदीप्तीची. भट्टीत स्फटिककणांतली साठलेली ऊर्जा शून्य होते आणि पुढे मातीतल्या किरणोत्सारामुळे पुन्हा साठत जाते. तापवल्यावर बाहेर पडणारा प्रकाश मोजून शेवटच्या आचेचं वय काढतात. त्यासाठी भोवतालची माती आणि तिचा ओलावा नोंदवायला हवा, नमुना उन्हात ठेवायचा नाही, आणि साधारण ५ ते १० टक्के फरक धरून चालायचं.

१०. भांड्यांवरून माणसं ठरवताना

नवी भांडी दिसली की नवे लोक आले, असं लिहिण्याची सवय पुरातत्त्वात फार काळ होती. युरोपभर पसरलेल्या घंटेच्या आकाराच्या पेल्यांचं उदाहरण पाहा. २०१८ साली प्राचीन डीएनएचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयबेरिया (आजचे स्पेन-पोर्तुगाल) आणि मध्य युरोपातल्या हे पेले वापरणाऱ्यांमध्ये जनुकीय नातं फारच थोडं निघालं. तिथे पद्धत पसरली होती. ब्रिटनमध्ये मात्र याच पेल्यांबरोबर खरोखर माणसं आली आणि काही शतकांत तिथल्या लोकसंख्येचा सुमारे ९० टक्के जनुकीय वारसा बदलला. पेले त्याच घराण्यातले, घडलेलं मात्र दोन ठिकाणी वेगळं. म्हणून नोंदवहीत "या थरापासून अमुक भांडी वापरात आली" एवढंच लिहा. कोण आलं किंवा कोण गेलं, यासाठी घरांची रचना, दफनाची पद्धत, हाडं आणि धान्य यांचे पुरावे स्वतंत्रपणे मांडा आणि ते भांड्यांशी जुळतात का ते नंतर पाहा.